अनामिकेवर पेललेले पंख

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. टेरोडॅक्टिल म्हणजे उडणारा डायनासोर का? जिराफाएवढ्या उंचीचा प्राणी जमिनीवरून हवेत उठायचा कसा? आणि उल्कापातातून पक्षी तगले, तर हेच का नामशेष झाले? पृष्ठवंशीय प्राण्यांचे जीवाश्म हा माझा कामाचा विषय, आणि त्यातली बरीच वर्षं याच प्राण्यांच्या हाडांसोबत गेली. म्हणून जरा सविस्तर लिहितो. तिन्ही प्रश्नांची उत्तरं शोधत गेलं की आपण प्रत्येक वेळी एकाच जागी येऊन पोचतो: त्यांच्या हातापाशी.

आधी नावाचा घोळ मिटवू. पूर्ण गटाचं नाव टेरोसॉर. टेरोडॅक्टिल हे त्यातल्या एका छोट्या प्राण्याचं नाव, जर्मनीतल्या बव्हेरियाच्या चुनखडीत सापडणाऱ्या टेरोडॅक्टिलसचं. पंख पसरले तरी तो जेमतेम मीटरभर. सर्वांत आधी तोच सापडला म्हणून त्याचं नाव सगळ्यांना चिकटलं. आणि टेरोसॉर डायनासोर नव्हेत. ते डायनासोरांची चुलत भावंडं. दोघांचा पूर्वज एक, पण ट्रायासिक काळातच, म्हणजे साधारण 25 ते 20 कोटी वर्षांपूर्वी, वाटा वेगळ्या झाल्या. पक्षी मात्र थेट डायनासोरांच्या घरातले. म्हणजे खिडकीबाहेरची चिमणी नात्यानं टायरॅनोसॉरसला जवळची आहे, टेरोसॉर तिला लांबचा. हे ऐकून विद्यार्थी दरवेळी चमकतात, पण हाडं तेच सांगतात.

काळाचा अंदाज यावा म्हणून दोनच आकडे देतो. सर्वांत जुने टेरोसॉर साधारण 22 कोटी वर्षांपूर्वीचे, शेवटचे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचे. पंख मारत स्वतःच्या बळावर उडणारे पृष्ठवंशीयांमधले पहिले प्राणी हेच. आर्किओप्टेरिक्स, म्हणजे आपल्या ओळखीचा पहिला पक्ष्यासारखा जीव, साधारण 15 कोटी वर्षांपूर्वीचा. तोवर टेरोसॉरांना उडायला लागून 7 कोटी वर्षं उलटली होती. त्यांच्याकडे ‘पक्षी होता होता राहिलेले’ म्हणून बघण्याची जी सवय आहे, ती इथेच सोडून द्यायला हवी.

आता हाताकडे येऊ. स्वतःचा हात समोर धरा. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट लहान आहे, टोकाला नख्या आहेत अशी कल्पना करा. करंगळी नाहीच. आणि अनामिका? ती इतकी वाढलेली की तुमच्या उरलेल्या हाताहूनही लांब, चार लांबलचक हाडांची. त्या बोटाच्या टोकापासून मागच्या पायापर्यंत ताणलेला पडदा म्हणजे टेरोसॉरचा पंख. वटवाघळाच्या पंखात चार बोटं छत्रीच्या काड्यांसारखी पसरलेली असतात. पक्ष्याची बोटं एकमेकांत मिसळून गेलेली असतात आणि पंखाचं बरंचसं काम पिसं करतात. टेरोसॉरचा पंख एका बोटावर. पृष्ठवंशीयांत निसर्गानं उडण्याचा प्रश्न तीनदा सोडवला, तिन्ही वेळा हात तोच, पण उत्तर निराळं.

मनगटापाशी आणखी एक बारीक काडीसारखं हाड असतं, त्याला टेरॉइड म्हणतात. दुसऱ्या कुठल्याही प्राण्यात ते नाही. खांदा आणि मनगट यांच्या मधल्या कोपऱ्यात जो छोटा पडदा असतो, तो या हाडानं वर-खाली करता यायचा. विमान उतरताना पंखाची पुढची कड खाली झुकते, तसंच काहीसं.

हे सगळं कळायला माणसांना बराच वेळ लागला. 1784 साली कोसिमो कोलिनी या निसर्ग-अभ्यासकानं मानहाइमच्या राजसंग्रहातल्या एका सांगाड्याचं वर्णन छापलं. सांगाडा सुंदर, जवळजवळ पूर्ण. कोलिनीला ते पाखरूही वाटेना, वटवाघूळही वाटेना. समुद्रातलं काहीतरी असावं, अशी त्याची अटकळ. 1800 मध्ये योहान हेरमान यांनी त्या लांब बोटावर पडदा असणार हे ओळखून पॅरिसला जॉर्ज क्युव्हिए या शरीररचना-शास्त्रज्ञांना कळवलं. क्युव्हिए यांनी 1801 मध्ये केवळ कोलिनीच्या चित्रावरून सांगितलं की हा उडणारा सरीसृप आहे. 1809 साली टेरोडॅक्टिल हे नाव दिलं, अर्थ ‘पंखबोट्या’. इतकं स्वच्छ निदान होऊनही वाद चालूच राहिला. 1812 मध्ये झ्योमरिंग यांनी त्याला वटवाघूळ ठरवलं, 1830 मध्ये वागलर यांनी ते लांब बोट म्हणजे पोहायचं वल्हं असल्याचं मांडलं. मला या चुकांबद्दल आदरच वाटतो. आज ज्याच्यासारखा एकही प्राणी जिवंत नाही, त्याची हाडं हातात घेऊन ही माणसं विचार करत होती.

पडदा म्हटलं की ताणलेलं कातडं डोळ्यांसमोर येतं, आणि जुन्या चित्रांनी तीच समजूत पक्की केली. प्रत्यक्षात काय होतं ते बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या दगडांनी दाखवलं. तिथली चुनखडी इतकी बारीक दाण्याची आहे की तिच्या लाद्या एके काळी शिळाछपाईसाठी वापरत. अशी एखादी लादी अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली धरली की साध्या उजेडात दगडाच्याच रंगाची वाटणारी हाडं एकदम चमकून उठतात. मग त्यांच्या कडेनं पडद्याचा, कधी पायाच्या बोटांमधल्या कातडीचा फिकट ठसा दिसायला लागतो. हे पहिल्यांदा बघताना माणूस बोलायचं विसरतो. हेल्मुट टिशलिंगर यांनी या तंत्रानं कित्येक नमुन्यांची छायाचित्रं घेतली. रॅम्फोऱ्हिंकस या लांब शेपटीच्या टेरोसॉरच्या, ‘काळा पंख’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नमुन्यात तर पडद्याचे थरच वेगळे ओळखता आले: ताठ तंतूंचा थर, स्नायूंचा थर, रक्तवाहिन्यांचं जाळं. म्हणजे पंखाची ताण-ढील प्राण्याच्या ताब्यात होती. वाऱ्यावर फडफडणारं ते निव्वळ कातडं नव्हतं.

अंगावर लव होती हेही आता नक्की आहे. 1971 साली शारोव्ह यांनी कझाकस्तानातल्या कारातऊच्या खडकांतून केसाळ टेरोसॉर जाहीर केला आणि त्याचं नावच ‘केसाळ राक्षस’ या अर्थाचं ठेवलं, सॉर्डिस पिलोसस. 2022 मध्ये ब्राझीलच्या टुपँडॅक्टिलस या मोठ्या तुऱ्याच्या टेरोसॉरवर काम झालं. त्याच्या तुऱ्याच्या तळाशी साध्या तंतूंबरोबर फांद्या फुटलेले तंतूही दिसले, आणि कातडीत व त्या तंतूंत रंगद्रव्याचे कण वेगवेगळ्या आकारांचे आढळले. त्या तंतूंना पिसं म्हणायचं की नाही यावर अजून खडाजंगी चालते. माझ्या मते नावापेक्षा कण महत्त्वाचे. असे वेगवेगळ्या आकारांचे कण सापडले, याचा अर्थ या जिवांना रंग होते आणि ते दाखवायलाही होते.

आता दुसरा प्रश्न, आणि मला सर्वांत आवडणारा. 1971 मध्ये टेक्सासच्या बिग बेंड राष्ट्रीय उद्यानात डग्लस लॉसन या विद्यार्थ्याला पंखाचं एक प्रचंड हाड मिळालं. 1975 साली त्यानं त्या प्राण्याला क्वेट्झलकोआट्लस नॉर्थ्रोपी असं नाव दिलं. पहिला शब्द अॅझ्टेकांच्या पिसाऱ्याच्या नागदेवतेचा, दुसरा पंखाच्याच आकाराची विमानं बनवणाऱ्या जॉन नॉर्थ्रोप यांचा. तेव्हा पंखांची लांबी 15 मीटरच्या पुढे धरली होती. आज आपण 10 ते 11 मीटर मानतो. उभा राहिला की उंची जिराफाइतकी, वजन बहुतेक अंदाजांत 200 ते 250 किलोच्या आसपास. आज उडणारे सर्वांत जड पक्षी 20 किलोच्या घरात असतात. तेव्हा साहजिकच कित्येकांनी म्हटलं, इतकं धूड उडूच शकत नाही. कुणी कड्यावरून उडी टाकायला लावली, कुणी समोरून वादळी वारा मागितला.

चूक इथे होती की सगळेजण टेरोसॉरला पक्ष्यासारखं उडवू बघत होते. पक्षी पायांनी उडी मारतो आणि मग पंख मारतो. उडीचं सगळं काम पायांचं, आणि एकदा हवेत गेलं की तेच पाय ओझं होऊन लटकतात. प्राणी मोठा होत गेला की पाय मोठे हवेत, पाय मोठे झाले की वजन वाढतं, आणि पक्ष्यांची वाढ तिथे अडते. टेरोसॉरची हाडं हातात घेतली की उलटं चित्र दिसतं. मांडीचं हाड बेताचं, दंडाचं हाड दांडगं, त्यावर स्नायू धरायला मोठा वाकडा कंगोरा. मायकेल हबीब यांनी 2008 साली पक्ष्यांच्या आणि टेरोसॉरांच्या या हाडांच्या मजबुतीची तुलना करून मांडलं की टेरोसॉर चारी पायांवर वाकून हातांच्या जोरानं उसळी घेत असणार. ज्या स्नायूंनी उडायचं, त्यांनीच उडी मारायची. वेगळं ओझं वाहायचं कारण नाही. रक्त पिणारी वटवाघळं आजही जमिनीवरून अशीच उसळतात. मला ही मांडणी पटते ती तिच्या साधेपणामुळे. आपण ज्याला अशक्य म्हणत होतो, ती अडचण पक्ष्याची होती, टेरोसॉरच्या माथी आपण ती मारली होती.

पण ते मुळात चारी पायांवर चालत होते का? याचं उत्तर चिखलात मिळालं. 1957 साली अॅरिझोनातल्या पाऊलखुणा टेरोसॉरच्या म्हणून छापल्या गेल्या. नंतर काहींनी त्या मगरीच्या ठरवल्या आणि बरीच वर्षं वाद रेंगाळला. 1990 च्या दशकात फ्रान्सच्या नैर्ऋत्येला क्रेसाक इथे जुन्या किनाऱ्याच्या गाळात माग सापडत गेले आणि शंका उरली नाही. मागच्या पायाचा ठसा लांबट, चार बोटांचा, टाच टेकलेला. हाताचा ठसा तीन बोटांचा, बाहेरच्या आणि मागच्या बाजूला वळलेला. पंखाचं लांब बोट उमटत नाही, कारण चालताना ते दुमडून वर घेतलेलं असायचं. त्याच ठिकाणच्या एका मागात तर एक टेरोसॉर उतरताना पकडला गेला आहे. आधी फक्त दोन मागच्या पायांचे ठसे, बोटं थोडी घासटलेली. मग एक आखूड उडी. मग हात टेकतात आणि तो चारी पायांवर चालू लागतो. 2009 साली हे वर्णन प्रसिद्ध झालं. हाडांवरून आपण शरीर समजतो; इथे एका दिवसाचे काही क्षण हाती लागले.

हलकेपणाबद्दल दोन शब्द. टेरोसॉरचं पंखाचं हाड आडवं तुटलेलं पाहिलं तर आत पोकळी असते आणि भिंत अंड्याच्या टरफलाची आठवण करून देते, पुष्कळदा मिलिमीटरभर किंवा त्याहून कमी जाडीची. मोठ्या बोटाएवढ्या हाडाला साफ करताना सुईचा दाब जरा जास्त झाला की भिंत आत बसते. हे काम श्वास धरून करावं लागतं. ती पोकळी रिकामी नव्हती. फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या हाडांत शिरलेल्या असायच्या, पक्ष्यांत असतात तशाच. याचा तोटा आम्हाला भोगावा लागतो: अशी हाडं गाळाखाली चेपून कागदासारखी होतात. अमेरिकेतल्या कॅन्ससच्या खडूच्या थरांतून टेरॅनोडॉन या टेरोसॉरचे 1100 हून जास्त नमुने आले आहेत, त्यातले बहुतेक सपाट.

पातळ हाड मजबूत कसं राहतं, याचा एक नमुना मोरोक्कोतून आला. अॅझडार्किड घराण्यातल्या, म्हणजे क्वेट्झलकोआट्लसच्या भाऊबंदांपैकी एकाच्या, मानेच्या मणक्याचं आतून चित्रण केलं तेव्हा दिसलं की मणक्याच्या नळीत मधोमध आणखी एक नळी आहे आणि सायकलच्या आऱ्यांसारख्या बारीक काड्यांनी ती बाहेरच्या भिंतीला जोडली आहे, त्या काड्याही मळसूत्री वळणानं लावलेल्या. 2021 च्या त्या अभ्यासात हिशेब निघाला की अशा 50 काड्यांनीही मानेची वजन पेलण्याची ताकद जवळपास 90 टक्क्यांनी वाढते. लांब मानेनं भक्ष्य उचलायचं, तर अशी रचना लागणारच.

ते खात काय होते, याचं एकच उत्तर नाही. रॅम्फोऱ्हिंकसच्या पोटात मासे सापडले आहेत. एका प्रसिद्ध लादीत त्याच्या घशात छोटा मासा आहे आणि त्याचाच पंख एका मोठ्या टोकदार तोंडाच्या माशाच्या दातांत अडकला आहे. तिघे एकत्रच बुडाले. अर्जेंटिनाच्या टेरोडाउस्ट्रोच्या खालच्या जबड्यात केसांसारखे बारीक जवळजवळ हजार दात होते, त्यांतून तो पाणी गाळायचा. चीनच्या डझुंगॅरिप्टेरसच्या तोंडाचं टोक वर वळलेलं आणि बिनदातांचं, मागे बोथट दात, म्हणजे शिंपले उचकटून फोडायची सोय. अॅनुरोग्नॅथिड नावाचे बसक्या तोंडाचे, मोठ्या डोळ्यांचे चिमुकले जीव उडते किडे पकडत असावेत. आणि ते महाकाय अॅझडार्किड? समुद्रावरून उडत चोचीनं पाणी कापत मासे टिपणारे म्हणून त्यांना पूर्वी रंगवलं गेलं. 2007 मध्ये प्रत्यक्ष प्रतिकृती पाण्यातून ओढून मोजलं, तर पाण्याचा अडथळा एवढ्या मोठ्या जिवाला परवडणारा नव्हता. मार्क विटन आणि डॅरन नेश यांनी 2008 साली मांडलं की ते करकोच्यासारखे जमिनीवर चालत छोटे प्राणी टिपत असत. लांब ताठ मान, चालायला योग्य आटोपशीर पावलं, आणि समुद्रापासून लांबच्या गाळात मिळणारी हाडं हे सगळं त्याच बाजूला झुकतं. डायनासोरांची पिल्लं त्यांच्या पोटात गेली असणार, याबद्दल मला फारशी शंका नाही.

ते स्वतःही कुणाचं तरी खाद्य होते. टेरॅनोडॉनच्या मानेच्या मणक्यांत शार्कचा दात अडकलेला नमुना आहे.

जन्माकडे वळतो, कारण तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथून जातं. 2004 पर्यंत टेरोसॉरचं एकही नक्की अंडं माहीत नव्हतं. त्या एका वर्षात चीन आणि अर्जेंटिनातून मिळून तीन जाहीर झाली. कवच मऊ, चामड्यासारखं. 2011 मध्ये चीनमधल्या डार्विनॉप्टेरसची एक मादी तिच्या अंड्यासकट प्रसिद्ध झाली. डोक्यावर तुरा नाही, कमरेचं हाड रुंद. त्यामुळे या जातीत तुरा नराचा, हे ठरवायला आधार मिळाला. (हा डार्विनॉप्टेरस आणखी एका कारणानं आम्हाला प्रिय आहे: त्याचं डोकं आणि मान नंतरच्या आखूड शेपटीच्या टेरोसॉरांसारखी, आणि शेपूट नि पाय जुन्या लांब शेपटीवाल्यांचे. उत्क्रांतीनं आधी पुढचा भाग बदलला, मागचा नंतर.) 2017 मध्ये शिनजियांगमधल्या हामी इथल्या एका दगडात हॅमिप्टेरस या टेरोसॉरची किमान 215 अंडी मोजली गेली, 16 अंड्यांत गर्भाची हाडं.

पिल्लं जन्मतःच उडत होती का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. हामीच्या गर्भांत पायाची हाडं हाताच्या मानानं जास्त तयार दिसल्यानं त्या अभ्यासकांनी ‘चालू शकत, उडू शकत नसत’ असं मत दिलं. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, ते गर्भ पूर्ण वाढलेलेच नव्हते. 2021 मध्ये नवजात पिल्लांच्या दंडाच्या हाडाची ताकद मोजली, तर ती उडायला पुरेशी निघाली. मी या दुसऱ्या बाजूचा. 2025 मध्ये झोल्नहोफेनच्या दोन टेरोडॅक्टिलस पिल्लांचा अभ्यास आला, पंख पसरून 20 सेंटिमीटरही न भरणारी. दोघांच्या दंडाच्या हाडाला तिरका, स्वच्छ मोड आहे, एकाचा डावा, दुसऱ्याचा उजवा. आपटून नव्हे, पिळवटून आलेला. वादळाच्या झोतात पंख पिरगळला, पिल्लू खाजणात पडलं, गाळानं झाकलं गेलं, असा त्याचा अर्थ लावला आहे. आठवड्या-दोन आठवड्यांचं पिल्लू वादळात सापडायला ते आधी हवेत असावं लागतं.

आता शेवट. टेरोसॉर हळूहळू उताराला लागलेले होते, पक्ष्यांनी त्यांना रेटत रेटत संपवलं, असं जुनी पुस्तकं सांगत. मोरोक्कोच्या फॉस्फेटच्या खाणींनी हे मत डळमळीत केलं. 2018 मध्ये तिथल्या, अगदी शेवटच्या काळातल्या थरांतून तीन घराण्यांतल्या सात जाती मांडल्या गेल्या, पंख दोन मीटरपासून नऊ मीटरच्या पुढे. समुद्रावर मासे मारणारे वेगळे, जमिनीवर चालणारे वेगळे. हे मरणपंथाला लागलेल्या गटाचं लक्षण नव्हे. घाव एकदमच बसला: 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या चिक्शुलुब इथे आदळलेला लघुग्रह, मग काळवंडलेलं आकाश आणि मोडून पडलेली अन्नसाखळी.

अशा वेळी तगतात ते थोडक्यात भागवणारे छोटे जीव. पक्षीही सुखरूप सुटले नाहीत. त्यांचीही बहुतेक घराणी गेली, उरले ते काही लहान, बहुधा जमिनीवर वावरणारे. टेरोसॉरांकडे तेव्हा चिमणी-साळुंकीएवढी प्रौढ जात जवळपास नव्हतीच. का नव्हती? माझं मत असं: त्यांची छोटी जागा त्यांच्याच पिल्लांनी भरलेली होती. जन्मल्यापासून उडणारं, स्वतःचं पोट भरणारं पिल्लू वाढताना आधी किडे, मग छोटे मासे, मग मोठे मासे असं एकेक पायरी चढत जातं, आणि त्या प्रत्येक पायरीवर वेगळ्या छोट्या जातीला वाव राहत नाही. बहुतेक पक्ष्यांची पिल्लं घरट्यात वाढतात आणि साधारण पूर्ण आकाराची होऊनच बाहेर पडतात, त्यामुळे त्यांच्यात लहान आकाराच्या जाती भरपूर राहिल्या. जे हात क्वेट्झलकोआट्लसला हवेत उचलत होते, त्यांनीच पिल्लांना पहिल्या दिवसापासून आईबापांवाचून जगू दिलं. लघुग्रह आला तेव्हा आकाशात पिल्लं होती, पण ज्यांना मोठं व्हायचंच नव्हतं असे छोटे टेरोसॉर नव्हते.